लाल घोड्याचा डोळा

सारंगखेड्याच्या बाजारात आलेलं जाणतं गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. ते घोड्याभोवती एक चक्कर मारतं. ओठ वर करून दात बघतं, पुढच्या पायाची नळी चाचपतं, खूर उचलायला लावतं आणि मग बराच वेळ केसांतले भोवरे शोधत बसतं. मानेखाली ‘देवमण’ सापडला तर मान डोलते. डोळ्याखाली भोवरा निघाला तर तो ‘आसूढाळ’, म्हणजे धन्याला रडवणारा. सौदा तिथेच फिसकटतो. चारही पाय आणि तोंड पांढरं असलं की जनावर पंचकल्याणी ठरतं आणि आकडा चढतो. एकच पाय पांढरा असला की तेच जनावर अर्जल होतं आणि आकडा घसरतो. डोळा पाहिला जातो तो बहुधा घारा की काळा एवढ्यापुरता. बाहुली उजेडात आकसते का हे बघायला खिशातून टॉर्च काढणारा विरळाच.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणारा हा बाजार महाराष्ट्राच्या हौसेचा भाग आहे आणि तो टिकावा. पण तिथे रंगावर जेवढा पैसा लागतो तेवढी रंगाची माहिती कुणी मागत नाही. आणि या गोष्टीचा सर्वांत जास्त फटका बसतो तो लाल घोड्याला, आणि त्याला विकत घेणाऱ्यालाही.

लाल म्हणजे रेसकोर्सवरचा चेस्टनट, घोडेवाल्यांचा सुरंग. ओळखायची खूण सोपी आहे. अंग लाल, आयाळ लाल, शेपूट लाल, पायही लाल. काळा केस औषधालाही नाही. अंग लाल पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे असले तर तो कुमैत. एवढा फरक ध्यानात ठेवला तरी बाजारातले निम्मे घोळ मिटतील. लालाच्या आतही छटा पुष्कळ. काळपट वाटावा असा कलेजी, विटकरी, सोनेरी, फिका लिंबोणी. इंग्लंडच्या सफोक परगण्यातले नांगराचे अवजड घोडे सगळेच्या सगळे लाल असतात आणि त्यांच्या पैदासकारांनी या एका रंगाच्या सात छटा ठरवून दिल्या आहेत. ऑस्ट्रिया-इटलीच्या डोंगरातला हाफ्लिंगर तर अंगाने लाल आणि आयाळीने जवळजवळ पांढरा असतो.

या रंगावर दोन समजुती चिकटल्या आहेत. लाल घोडा, त्यातून लाल घोडी, डोक्याने गरम असते ही एक. ती इंग्लंड-अमेरिकेत फार जुनी आहे आणि आपल्याकडच्या रायडिंग क्लबांतही सर्रास ऐकू येते. दुसरी समजूत कुणी बोलून दाखवत नाही, पण व्यवहार तिच्यावरच चालतो: लाल हा साधा रंग, त्यात भानगड नाही, दिसतो तसाच असतो. पहिलीने घोड्याची बदनामी होते. दुसरीने पैदास बिघडते, म्हणून ती अधिक महागाची आहे. घोड्यांच्या सगळ्या रंगांत पोटात गुपितं ठेवणारा रंग कोणता, असं विचारलं तर उत्तर लाल असंच द्यावं लागेल.

या रंगाचा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो घोड्यांच्या पागेत नव्हे, तर लंडनच्या रॉयल सोसायटीत, आणि तोही भांडणातून. १९०५ च्या डिसेंबरात चार्ल्स हर्स्ट नावाच्या माणसाने तिथे एक निबंध वाचला. हर्स्टचा मूळ धंदा ऑर्किडच्या रोपवाटिकेचा. मेंडेलचे वाटाण्याचे नियम नुकतेच पुन्हा उजेडात आले होते आणि हर्स्टने ते थरोब्रेड घोड्यांना लावून पाहिले. त्यासाठी त्याला एक घोडासुद्धा पाळावा लागला नाही. इंग्लंडचं जनरल स्टडबुक, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ, छापील तयार होतं. त्याने त्यातून जोड्या उतरवून काढल्या आणि सांगितलं, की लाल नर आणि लाल मादी यांची शिंगरं लालच होतात. लाल हा दबून राहणारा गुण आहे. दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो.

ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांना हे मान्य नव्हतं. मेंडेलवाद्यांशी त्यांचं आधीपासूनच वाजलेलं होतं. त्यांनी तेच स्टडबुक उघडलं आणि अपवाद शोधायला सुरुवात केली: आईबाप दोघे लाल आणि शिंगरू मात्र कुमैत. असे थोडे सापडलेही. हर्स्ट आणि त्याचे पाठीराखे बेटसन यांचं म्हणणं, की या कारकुनी चुका आहेत. तान्ह्या शिंगराचा रंग घाईने लिहिला की असंच व्हायचं. वेल्डन कित्येक महिने त्या नोंदींमध्ये बुडाले. १९०६ च्या एप्रिलमध्ये न्यूमोनियाने ते गेले तेव्हा त्यांचं वय होतं अवघं ४६, आणि घोड्यांचं काम अर्धवटच राहिलं. शास्त्राच्या इतिहासात घोड्याच्या रंगावरून एवढी हातघाई पुन्हा झाली नसावी. हर्स्टचं म्हणणं टिकलं.

का टिकलं, ते कळायला आणखी ९० वर्षं गेली. १९९६ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी एमसी१आर या जनुकातला एका अक्षराचा बदल दाखवून दिला. घोड्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच: एक काळं-तपकिरी, दुसरं लाल-पिवळं. रंग तयार करणाऱ्या पेशीच्या अंगावर या जनुकाने घडवलेला, संदेश झेलणारा एक ग्राहक असतो. त्याला संदेश मिळाला की पेशी काळं बनवायला लागते. लाल घोड्यात हा ग्राहक बिघडलेला असतो, संदेश पोचतच नाही आणि केसात फक्त लाल उतरतं. माणसांतल्या लाल केसांमागेही बहुतेक वेळा हेच जनुक असतं. जुन्या हाडांतल्या डीएनएवरून दिसतं, की रानटी घोडे मुख्यतः कुमैत होते. लाल आणि इतर रंगांचा सुळसुळाट माणसाने घोडा पाळल्यावर, गेल्या पाचेक हजार वर्षांत झाला.

आता यातली मेख अशी, की बिघाड केसापुरता आहे. लाल घोड्याचं नाक किंवा कानामागची कातडी पाहिली तर ती काळसरच असते आणि डोळे गडद तपकिरी. काळं रंगद्रव्य शरीरात बनतंच आहे, फक्त केसात नाही. म्हणजे काळ्या केसांवर ज्या जनुकांची करामत दिसते ती सगळी जनुकं लाल घोड्याच्या अंगात सुखाने राहू शकतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. कुमैत की काळा हे ठरवणारं जनुक लाल घोड्यातही असतंच. पण त्याला रंगवायला काळा केसच नसल्यामुळे ते गप्प बसून असतं. त्यामुळे एखाद्या काळ्या घोडीला लाल घोडा दाखवला आणि शिंगरू कुमैत निघालं, तर मालकाने घोडेवाल्यावर संशय घ्यायचं कारण नाही. ते बापाकडून आलं.

इथवर सगळं गमतीचं आहे. सिल्व्हर नावाच्या जनुकाशी पोचलं की गंमत संपते.

सिल्व्हरमुळे काळा केस फिका पडतो. काळ्या घोड्यात तो आला की अंग चॉकलेटी होतं आणि आयाळ-शेपूट चंदेरी. दिसायला घोडा अप्रतिम. अमेरिकेतल्या केंटकीच्या रॉकी माउंटन घोड्यांत हाच रंग लोकांना वेडं करत आला. आइसलँडच्या घोड्यांतही तो आहे, शेटलँड तट्टांतही आहे. पण त्या रंगाबरोबर डोळ्यांचा एक विकार चालत येतो, हे पशुवैद्यांच्या लक्षात आलं. २००६ मध्ये पीएमईएल या जनुकातला बदल सिल्व्हर रंगाचं कारण म्हणून सापडला आणि २०१३ मध्ये डोळ्याचा विकारही त्याच बदलाशी जोडलेला असल्याचं दिसून आलं. जनुकाची एक प्रत मिळालेल्या घोड्याच्या डोळ्यात आतल्या बाजूला पाण्याच्या गाठी होतात. दोन प्रती मिळाल्या तर हाल जास्त: बुबुळ फुगून बाहेर आल्यासारखं, त्यामागची रंगीत चकती अपुरी वाढलेली, बाहुली उजेडालाही दाद न देणारी. असा घोडा पूर्ण आंधळा असतोच असं नाही; पण अंधुक दिसणारा घोडा ओढ्यावरून उडी मारायला कचरतो, सावलीला बिचकतो, आणि मग मालक म्हणतो, घोडा खोडकर आहे.

लाल घोड्यात काळा केसच नसल्यामुळे सिल्व्हरला फिकं करायला काहीच मिळत नाही. घोडा बाहेरून चारचौघांसारखा लाल दिसतो. डोळ्यातला दोष मात्र जसाच्या तसा राहतो, आणि तो शिंगरांना वाटत जातो. चॉकलेटी घोड्याचा मालक रंग बघून निदान सावध तरी होईल. लालाच्या मालकाला सावध करायला काहीच नाही. ‘लाल आहे ना, मग चिंता नाही’ म्हणत दोन लाल जनावरांची जोडी लावली आणि दोघांच्याही अंगात सिल्व्हर दडलेलं असलं, तर चारांत एका शिंगराच्या वाट्याला दोन प्रती येण्याची शक्यता. इथेच आपलं घोडं पेंड खातं. मारवाडी, काठेवाडी किंवा भीमथडी घोड्यांत सिल्व्हर आहे असा दावा इथे नाही. मुद्दा पद्धतीचा आहे: नुसत्या नजरेने रंग पारखणाऱ्याला जे दिसूच शकत नाही, त्यावर त्याने पैज लावू नये.

डोळ्याचा रंग बदलणारी इतर जनुकं एवढी घातक नाहीत, आणि ती बघण्यासारखी आहेत. लाल घोड्यावर क्रीम जनुकाची एक प्रत चढली की तो पालोमिनो होतो, अंग सोन्याचं आणि आयाळ पांढरी. दोन प्रती चढल्या की क्रेमेलो: साईच्या रंगाचं अंग, गुलाबी कातडी, निळे डोळे. आपल्याकडे गुलाबी कातडीच्या पांढऱ्या घोड्याला सरसकट नुक्रा म्हणून मोकळे होतात आणि वरातीसाठी त्याचा भाव वेगळाच. मे महिन्याच्या उन्हात त्याचं नाक भाजून निघतं, तो खर्च पुढे कधीतरी कळतो. शॅम्पेन नावाचं आणखी एक जनुक लाल घोड्याला अगदी पालोमिनोसारखं सोनेरी करतं. लांबून दोघांत फरक करता येत नाही. जवळ गेलं की डोळा चुगली करतो: शॅम्पेनच्या शिंगराचे डोळे जन्मतः निळे असतात आणि पुढे पिवळसर-हिरवट होतात, नाकावर गुलाबी कातडीत तपकिरी ठिपके येतात. पालोमिनोची कातडी काळसर आणि डोळे तपकिरी.

सर्वांत विलक्षण डोळा मात्र पोर्तो रिकोच्या पासो फिनो घोड्यांचा. त्यांच्यातल्या काहींचे डोळे पिवळे, नारिंगी, मधासारखे असतात. तिथले लोक त्यांना वाघाचे डोळे म्हणतात. अंगाच्या रंगाशी याचा काही संबंध नाही. लाल घोड्यातही हा डोळा येतो आणि काळ्यातही. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्याचं मूळ एसएलसी२४ए५ या जनुकात शोधलं. हे जनुक आपल्या अगदी घरचं निघावं, हा योगायोग मोठा मजेचा आहे. माणसांत याच जनुकातल्या एका बदलामुळे त्वचा उजळते आणि भारतीयांच्या गोऱ्या-सावळ्या छटांमागे त्याचा वाटा मोठा आहे. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी हवी’ लिहिणारे आणि बाजारात घाऱ्या डोळ्यांच्या घोड्याला नाकं मुरडणारे अशाच जनुकांबद्दल मतं मांडत असतात, याची त्यांना कल्पना नसते.

पांढऱ्या खुणांचं प्रकरण त्याहून जिव्हाळ्याचं, कारण आपल्या शुभाशुभाचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या एका विद्यापीठात चार्ल्स वुल्फ यांनी अरबी घोड्यांच्या पायांवरचं आणि तोंडावरचं पांढरं वर्षानुवर्षं मोजलं. लाल घोड्यांवर ते कुमैतांपेक्षा सरासरीने जास्त निघालं. पुढच्या पायांपेक्षा मागच्या पायांवर पांढरं जास्त, हेही त्यांना दिसलं. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून शरीराच्या टोकापर्यंत प्रवास करतात. ज्या टोकाला त्या पोचत नाहीत ते टोक पांढरं राहतं. म्हणजे पंचकल्याणी हा लाल घोड्यांत मुळातच जास्त वेळा पडणारा डाव आहे. त्यात कल्याण किती ते ज्याचं त्याने ठरवावं, पण जास्तीचे पैसे मोजण्याआधी ही गोष्ट माहीत असलेली बरी.

पांढरं तोंडभर पसरलं, गालांवरून खाली उतरलं आणि डोळे निळे झाले, की मात्र कानाकडे लक्ष द्यायला हवं. स्प्लॅश्ड व्हाइट नावाच्या या नमुन्यामागची जनुकं स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी २०१२ मध्ये शोधली. असे काही घोडे बहिरे असतात. कारण तेच, रंगपेशींची गैरहजेरी: आतल्या कानातही त्या लागतात, त्यांच्याशिवाय ऐकण्याची यंत्रणा चालत नाही. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजर बहिरी असते असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात, त्यामागचंही शास्त्र जवळपास हेच. मारवाडी घोड्यांत निळा डोळा अधूनमधून दिसतो. कुणाला तो दैवी वाटतो, कुणाला अपशकुनी. घोड्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवून बघणं या दोन्ही मतांपेक्षा उपयोगाचं आहे. अर्थात लाथेच्या टप्प्याबाहेर उभं राहून.

जुन्या लोकांना हे सगळं कळत नव्हतं असं म्हणणं मात्र उर्मटपणाचं होईल. रंग बघण्याची आपली परंपरा बारकाईची आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात कोणत्या योद्ध्याच्या रथाला कोणत्या रंगाचे घोडे होते याची लांबलचक जंत्री आहे, आणि खुद्द द्रोणाचार्यांचे घोडे लाल होते. शालिहोत्राच्या नावावर चालणारे ग्रंथ, नकुलाच्या नावावरचं अश्वशास्त्र, पुढे फारसी आणि उर्दूतले फरसनामे, सगळ्यांत रंग, भोवरे, दात यांची वर्गवारी आहे. भोवऱ्यांचं तर आजही चालतं: शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याच्या पासपोर्टमध्ये त्याचा आराखडा काढून प्रत्येक भोवऱ्यावर खूण करतात, कारण दोन घोड्यांचे भोवरे सहसा जुळत नाहीत. घोडा ओळखायचं हे साधन बिनतोड आहे. त्याच्यावरून धन्याचं भविष्य सांगायला लागलो, तिथे आपण वाहवलो.

आता डोकं गरम असल्याचा आरोप. २०१६ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी लाल आणि कुमैत घोड्यांच्या मालकांना वागणुकीबद्दल प्रश्न विचारले. लाल घोडे शिकवायला अवघड असतात असा पुरावा त्यातून निघाला नाही. एक फरक मात्र दिसला. नवी वस्तू किंवा अनोळखी जनावर समोर आलं, की लाल घोडे जवळ जाऊन बघायला अधिक उत्सुक. अभ्यास प्राथमिक होता, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण धिटाईला तापटपणा म्हणण्याची सवय माणसांना आहेच, घोड्यांच्या बाबतीत ती वेगळी कशाला असेल?

ज्यांना आकडेवारी नको, नावं हवीत, त्यांच्यासाठी नावंही आहेत. १९३० चा मेलबर्न कप जिंकणारा फार लॅप लाल होता. ५१ शर्यतींत ३७ जिंकलेला हा घोडा त्याचा मोतद्दार टॉमी वुडकॉक याच्या मागे कोकरासारखा फिरायचा. १९३२ मध्ये तो कॅलिफोर्नियात मेला तेव्हा त्याची वाटणी झाली: कातडं मेलबर्नला, सांगाडा जन्मभूमी न्यूझीलंडला, हृदय कॅनबेराला. अमेरिकेतला मॅन ओ’ वॉर लाल, २१ पैकी २० शर्यती जिंकलेला. आणि सेक्रेटेरियट. ९ जून १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट शर्यतीत त्याने दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत कापलं आणि दुसऱ्या घोड्याला ३१ लांब्या मागे टाकलं. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्याचे तीन पाय पांढरे होते, चौथा लाल. चार पाय सारखे नसलेला घोडा आपल्या जुन्या मोजपट्टीत बसत नाही. सारंगखेड्यात त्याच्या पायांवर बोट ठेवून कुणीतरी नक्की भाव पाडला असता.

शर्यतीच्या जगाने निदान एक गोष्ट चांगली केली. तिथे घड्याळ बोलतं, रंग फक्त ओळखीपुरता नोंदवला जातो. रंगालाच जातीची व्याख्या केलं की काय होतं याची दोन टोकं युरोपात दिसतात. हॉलंडचा फ्रिझियन काळाच हवा, म्हणून लाल जनुक वाहणाऱ्या नराला तिथल्या वंशावळीत पैदाशीची मान्यता मिळत नाही. तरीही पूर्वीच्या घोड्यांकडून आलेलं ते जनुक कधीतरी डोकं वर काढतं आणि काळ्या आईबापांच्या पोटी लाल शिंगरू येतं. सफोकचं उलट, तिथे लालाशिवाय काही नाही. आजचे सगळे सफोक १७६८ मध्ये जन्मलेल्या एकाच नरापर्यंत पोचतात आणि आता ब्रिटनमध्ये ते काहीशेच उरले आहेत. रंगामुळे ते कमी झाले असं नाही, ट्रॅक्टरने त्यांना घालवलं. पण एवढ्याशा कळपात निवडीला वाव कुठे राहतो?

आपल्याकडे परिस्थिती त्याच दिशेला चालली आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ४५ टक्क्यांहून जास्त घट. धनगरांनी दख्खनच्या माळरानावर जपलेल्या भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली ती अगदी अलीकडे. कळप लहान होत असताना बाजार जर ठरावीक रंगाच्या ठरावीक नरांच्याच मागे धावत असेल, तर एका देखण्या नराच्या अंगातला दोष काही वर्षांत शेकडो शिंगरांत उतरतो. ही कल्पना नाही. अमेरिकेत हे घडून गेलं आहे, आणि घोडा लालच होता.

इम्प्रेसिव्ह त्याचं नाव. १९६९ मध्ये जन्मलेला हा क्वार्टर हॉर्स जातीचा नर नावाप्रमाणेच होता. स्नायू असे फुगीर की शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांत त्याच्यापुढे कुणी टिकेना. १९७४ मध्ये तो जागतिक विजेता झाला. घोड्या दाखवायला रांग लागली आणि त्याची मुलं-नातवंडं हजारोंच्या घरात गेली. मग काही घोड्यांचं अंग एकाएकी थरथरू लागलं, पाय लुळे पडू लागले, काही जागीच मेले. १९९२ मध्ये दोष सापडला. स्नायूंमधल्या सोडियमच्या वाटेत बिघाड करणारा तो बदल होता, आणि विकार झालेल्या घोड्यांची मुळं एकट्या इम्प्रेसिव्हपर्यंत जात होती. ज्या पीळदार देहावर परीक्षक भाळले होते, त्यामागेही हाच बदल असावा असा तज्ज्ञांचा संशय आहे.

तिथल्या क्वार्टर हॉर्स संघटनेने लगेच कडक पाऊल उचललं असंही नाही. पैदासकारांचे पैसे अडकले होते, आरडाओरडा झाला. शेवटी २००७ पासून जन्मणाऱ्या ज्या शिंगरांत दोषाच्या दोन्ही प्रती असतील त्यांची नोंदणी बंद झाली, आणि २०१५ पासून पैदाशीच्या नरांना पाच आनुवंशिक विकारांची चाचणी सक्तीची झाली. चाचणीसाठी घोड्याला ना टोचावं लागतं ना कुठे न्यावं लागतं. आयाळीचे किंवा शेपटीचे विसेक केस मुळासकट उपटून पाकिटात घालायचे आणि प्रयोगशाळेला पाठवायचे.

महाराष्ट्रात हे अशक्य का असावं? ग्लँडर्सच्या तपासणीसाठी घोड्याचं रक्त घेण्याची व्यवस्था देशात आहे. बाजाराच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर येतात, पैदाशीच्या नराचा मालक त्याच्या एका दाखवणीचे चांगले पैसे घेतो. त्या पैशातून एका चाचणीचा खर्च सहज निघेल. सुरुवात सगळ्या घोड्यांपासून करायची गरजही नाही. घोड्या दाखवण्यासाठी ठेवलेल्या नरांपासून करावी. त्यांच्या कागदावर रंग आणि भोवरे जसे लिहिले जातात तशीच आणखी काही घरं वाढवावीत: डोळ्याच्या रंगाची नोंद, बाहुली उजेडाला प्रतिसाद देते की नाही, दोन्ही कानांना ऐकू येतं का, आणि रंगाच्या जनुकांचा अहवाल. लाल नरासाठी शेवटचं घर रिकामं सोडता येणार नाही असा नियम करावा. नरमालक कुरकुर करतील. चाचणीत काही निघालं तर घोड्याचा भाव पडेल ही त्यांची भीती खरी आहे, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं चाचणीचा खर्च खात्याने उचलावा आणि निकाल काहीही आला तरी नोंदणी थांबवू नये, फक्त तो कागदावर छापावा. सिल्व्हरची एक प्रत असलेला नर बाद करायचं कारणच नाही. त्याला तीच प्रत असलेली घोडी दाखवायची नाही, एवढंच पथ्य पाळायचं असतं. पण ते पाळायला दोन्ही कागद समोर हवेत.